पेनड्राइव्ह टोपात घाला

त्या दिवशी क्लासात कोण कोण होतं ते आधी सांगते. सर होते. मी होते. माझ्या थोरल्या जावेची मुलगी संगीता होती. बाजारातला झेरॉक्सवाला गुरुदास होता, खाली मान घालून. आणि दारात ट्रकवाल्यांची मालिनीबाय, आत यावं की परत जावं अशी उभी. एवढीच माणसं. संगीताची आई, माझी ती जाऊ रुक्माबाय, पण होती असं मी धरते, पण ती पेनड्राइव्हात होती. तिला जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

सरांचं नाव सांगत नाही. डिचोलीत त्यांना नावानं कोणी हाक मारतच नसे. तोंडावर सर, पाठीमागे किड्यांचे सर. दोन्ही त्यांना ऐकू यायचं. त्यांनी कधी मान वळवली नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, माडीवर, त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. दारात एका मोडक्या खुर्चीवर ॲल्युमिनचा टोप ठेवलेला. आमच्याकडे भात शिजवतात तसला, खाली काळा झालेला. आत येणाऱ्यानं खिशातला पेनड्राइव्ह आधी त्या टोपात टाकायचा. चपला नाही काढल्या तर सर काही बोलत नसत, टोप चुकवला तर मात्र उठून उभे राहात. एकदा एक भटजी पत्रिका छापून घ्यायला आले. चपला काढून, पाय पुसून, पेनड्राइव्ह हातात धरून सरळ आत.

"भटजी, चपला घाला नि परत या. पण ता आधी टोपात."

"अहो, यात मंत्र आहेत."

"मंत्र आसले म्हणून काय झाला? त्यांच्या बाजूक कोण बसलो हा तो बघूक नको?"

भटजी रागावले. पण टाकला.

मी त्या क्लासात झाडूपोछा करायची. मी सुर्ल्याची, खाणीच्या गावची. माझे यजमान खाणीवर टिपर चालवायचे, मातीची धूळ खाऊन खाऊन त्यांची छाती गेली. मग खाणी बंद पडल्या आणि घरात दोन्ही बाजूंनी बंद झालं. ते खाटेवर, मुलगा हरमलला विदेशी लोकांच्या खोल्या झाडायला, आणि मी काम शोधत डिचोलीच्या बाजारात. माझी चौथी झालेली आहे. चौथीवालीला बाजारात काम देणारे थोडे. सरांनी विचारलं ते एवढंच.

"झाडताना वायर हलयशील?"

"नाही."

"चुकून हलली तर सांगशील?"

"सांगीन."

"मग उद्यापासून ये, बाय."

पहिल्या आठवड्यात एक वायर हलली. मी सांगितलं. सर म्हणाले, "बरा झाला." आणि टेबलाखाली शिरून ती परत बसवली. मग मला पोह्यांची बशी दिली. त्या माणसाचं सगळं असं उलटं. चूक सांगणाऱ्याला खायला द्यायचे आणि "मी काही केलं नाही सर" म्हणणाऱ्याला घालवून द्यायचे.

कॉम्प्युटरातला किडा म्हणजे काय ते मला त्यांनीच सांगितलं. मी आधी बाटलीतलं औषध मारायचं का असं विचारलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, तो खरा किडा नव्हे, कोणीतरी वाईट बुद्धीनं लिहून सोडलेलं काम आहे. पेनड्राइव्हात बसतो. तो पेनड्राइव्ह मशीनीत घातला की मशीनीत उतरतो. मग त्या मशीनीत दुसरा चांगला पेनड्राइव्ह आला की त्याच्यात चढतो. पूर्वी नुसता घातला तरी आपोआप सुरू व्हायचा. आता नव्या मशीनी एवढ्या भोळ्या नाहीत, म्हणून तो वेगळी युक्ती करतो. तुमचं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचं खोटं चित्र पुढे ठेवतो. चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो. माणूस आपलंच समजून दाबतो, आणि किडा आत.

"तेका पाय नाय बाय, पंख नाय," सर म्हणायचे. "आपणच तेका खिशात घालून घरोघरी नेतंव."

सर मूळचे मोरजीचे. लग्न केलं नव्हतं. रविवारी बहिणीकडे जायचे, आणि थंडीत कासवं अंडी घालायला यायच्या दिवसांत संध्याकाळी किनाऱ्यावर फिरून पाहुण्यांना बॅटऱ्या बंद करायला लावायचे. त्यांना ते काम कोणी दिलं नव्हतं. पिल्लं उजेड दिसेल तिकडे पळतात, समुद्र सोडून हॉटेलाकडे, म्हणून. एका रशियन माणसानं त्यांना ढकललं होतं असं बहीण सांगायची. दुसऱ्या रविवारी सर परत तिथंच, परत तेच, "लाइट ऑफ, लाइट ऑफ." एक गोष्ट धरली की ती माणसं दमेपर्यंत सांगायची, असा तो स्वभाव.

आता आमचं काय झालं ते सांगते.

पौषात आमच्या वाड्यावर बायका मांडावर धालो घालतात. मांड म्हणजे वाड्याची ती सारवलेली जागा, तिथं दिवा लावतात. बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात, कमरेत हात गुंफायचे, वाकत पुढे यायचं, मागे जायचं, आणि गाणी. गाणी कुठं लिहिलेली नाहीत. एक बाय म्हणते, बाकीच्या उचलतात. आमच्यात म्हणणारी रुक्माबाय. मलाही यायची, पण यजमानांच्या मागोमाग माझा पण आवाज त्या धुळीनं खाल्ला. आता मी बोलते ते पण खरवडल्यासारखं.

रुक्माबाय आजारी पडली तेव्हा संगीतानं तिची सगळी गाणी फोनात भरून घेतली. दुपारी, तांदूळ निवडता निवडता ती म्हणायची. मध्येच कोंबडीला हाकलायची, तेही त्यात आहे. नंतर संगीताचा फोन बावीत पडला, विहिरीत. त्याआधी गाणी एका पेनड्राइव्हात घातली होती म्हणून वाचली. तो लाल पेनड्राइव्ह म्हणजे मग मांडाचाच झाला. त्याला आम्ही दिव्याच्या ताटात ठेवायचो, हळद लावायचो.

आणि आमच्याकडे मांडाचं जे असतं ते घरोघरी फिरतं. दिव्याचं तेल पण तसंच गोळा होतं. वरच्या पिंपळाकडून सुरुवात, मग एकेक घर, खालच्या ओहोळापर्यंत. कोणाचं घर चुकवायचं नाही, आणि आलेलं कोणी परतवायचं नाही. पेनड्राइव्ह पण तसाच फिरला. ज्यांच्याकडे मशीन होती त्यांनी मशीनीत घातला, गाणी ऐकली, पुढच्या घरी दिला. मांडाची वस्तू तपासून घ्यायची असं कोणाच्या मनात येणार?

पौष तोंडावर आला आणि संगीता रडत आली.

"काकी, आयेची गाणी गेली. नुसते बाण दिसतात. दाबलं तर काहीच होत नाही. गुरुदास म्हणतो फॉरमॅट मारूया, पेनड्राइव्ह नव्यासारखा होईल."

"नव्यासारखा म्हणजे?"

"सगळं पुसून."

मी तिच्या हातातून तो काढून घेतला, पदराला गाठ मारून बांधला आणि तिला घेऊन तशीच बस पकडली. माडीवर चढल्यावर गाठ सोडून टोपात टाकला. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कधी टोपात काही टाकलं नव्हतं.

दाराजवळ त्यांची एक वेगळी मशीन होती. तिला इंटरनेटची वायर नाही, बाकीच्या मशीनींना जोडलेली नाही. ती दुसऱ्याच पद्धतीवर चालायची, तिच्यात हा किडा जगत नाही, आणि लपवलेलं तिच्यात लपत नाही. सरांनी लाल पेनड्राइव्ह तिच्यात घातला. बाण दिसले. आणि त्यांच्या बाजूला, जरा फिकट, रुक्माबायच्या गाण्यांची फोल्डरं.

"लपलेली आसत," सर म्हणाले. "मेलेली नायत. पुसूक दिलंस नाय, ता बरा केलंस."

संगीतानं हात पुढे केला. सरांनी गाण्यांची एक नक्कल आपल्या मशीनीत काढून ठेवली, पेनड्राइव्ह काढला आणि आपल्या खिशात घातला.

"ह्यो खंय खंय फिरलो?"

"सगळीकडे," संगीता म्हणाली.

"सगळीकडे ह्या गावाचा नाव?"

"सर, द्या ना. पौष आला."

"आज दिलंय तर परवा तसोच घेऊन येशील. ज्या ज्या मशीनीत गेलो, त्या सगळ्यो साफ होऊक होयो. एक ऱ्हवली तरी फुकट."

संगीता म्हणाली, कोणाकडे आधी गेला कोणाकडे नंतर, हे कोणाला आठवणार? मला आठवत होतं. तेल फिरतं तसाच तो फिरलेला. मी पिंपळापासून सुरू केलं आणि ओहोळापर्यंत घरं सांगितली. सर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "बाय, किडो पण देवाच्या वाटेनं गेलो गो."

वाड्यावर बायका भडकल्या. मांडाची वस्तू त्यानं अडकवून ठेवली, हा कोण लागून गेला! मी एकेकीच्या दारात गेले. "गाणी पाहिजेत ना? मग मशीन दाखवा," एवढंच म्हणायची. यजमान खाटेवर खोकत असायचे, त्यांना पेज पाजून परत निघायची. ज्यांना पटलं त्यांच्याकडे सर आपल्या स्कूटरवरून यायचे. गळ्यात दोरीला त्यांचा स्वतःचा पेनड्राइव्ह, बाजूला बारीक खिट्टी असलेला. ती सरकवली की त्यातलं वाचता येतं, पण आत काही शिरू शकत नाही.

त्यांची एक रीत होती, ती ते मोडायचे नाहीत. आधी इंटरनेट बंद. मग मशीनीत चालू असलेल्या कामांत किडा कोणता तो शोधून थांबवायचा. मग मशीन सुरू होताना जी कामं आपोआप उठतात, त्यांच्यातून त्याचं नाव काढायचं. मग त्याची फाइल. मग किडे मारायचा ताजा प्रोग्राम सगळ्या मशीनीवर फिरवायचा, त्याला वेळ लागतो, तोपर्यंत च्या, म्हणजे चहा, प्यायचा. आणि सगळ्यात शेवटी काळी खिडकी उघडून, पांढरी अक्षरं मारून, लपवलेलं बाहेर आणायचं. एका सुनेनं विचारलं, आमचे फोटो आधी दाखवा ना.

"तो जागो आसा तवर फोटो भायर काढले तर परत लपयतलो. आधी तेका झोपवूक होयो."

इतकं झाल्यावर मशीन बंद करून परत लावायची, आणि एक रिकामा पेनड्राइव्ह तिच्यात घालायचा. तो रिकामाच राहिला तर मशीन सुटली. त्याच्यात बाण उगवला तर परत पहिल्यापासून. पिंपळाखालच्या घरात बाण उगवला. सरांनी कपातला च्या संपवला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. कपाळावर आठी नाही.

राहिली मालिनीबाय. तिचं घर मध्येच, तेलाच्या वाटेवर. तिनं दारच लावून घेतलं.

मी तिच्या सोप्यावर जाऊन बसले. सोपो म्हणजे दारासमोरचा सिमेंटचा बाक. जनेलातून, खिडकीतून, तिनं बघितलं.

"काकी, कशाला बसलीस?"

"मशीन दाखव."

"आमच्या घरात किडे नाहीत."

"घरात कोण म्हणतं गो? मशीनीत."

"मशीन घरातच आहे ना? जा तू. ऊन लागेल."

"खाणीच्या ऑफिसाच्या पायरीवर यजमानांच्या कामासाठी बसलेली बाय मी. मला ऊन लागत नाही."

ती आत गेली. मी बसले. दुपारी तिनं बाहेर येऊन सोलकढीचा पेला दिला आणि परत आत गेली. मी प्यायले आणि पेला धुऊन ठेवला. उन्हं कलली तेव्हा ती स्वतःच येऊन बाजूला बसली आणि म्हणाली, "आमच्याकडे कोणी तसलं बघत नाही, काकी."

मी काही विचारलंच नव्हतं.

मग सगळं बाहेर आलं. तिच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पावसाच्या आधीच गेले होते. ती मशीन चादरीत गुंडाळून गुरुदासकडे घेऊन गेली. गुरुदास म्हणाला, "वहिनी, घरात कोणीतरी नको ते बघतं, त्याशिवाय हा किडा येत नाही." घरात मशीनीपुढे बसणारा एकच, तिचा नवरा. तेव्हापासून तिनं त्या माणसाशी बोलणं टाकलं होतं. जेवण वाढायची आणि ताट सरकवायची. तो बिचारा विचारायचा माझं काय चुकलं, तर ही म्हणायची तुमचं तुम्हाला माहीत. आता मशीन उघडली तर वाड्यावर सगळ्यांना कळेल, म्हणून दार बंद.

"तुझ्याकडे लाल पेनड्राइव्ह कधी आला?" मी विचारलं.

"पौषात. मांडाचा."

"आणि फोटो कधी गेले?"

ती बोटं मोजायला लागली. मग पदर तोंडाला लावला.

"उद्या मशीन घेऊन क्लासात ये," मी म्हटलं. "आणि येताना गुरुदासला उचलायला सांग. जड असते."

तो हा दिवस, ज्याचं मी पहिल्यांदा सांगितलं. गुरुदास मशीनीचा डबा खांद्यावर घेऊन माडी चढला, आणि मालिनीबाय दारात थांबली. तिथूनच विचारलं, "सर, मांडाच्या गाण्यांतून पण किडा येतो?"

"वहिनी, किड्याक काय कळता? गाणा काय नि घाण काय, तेका गाडी मिळाल्याशी मतलब."

"मग माझे यजमान..."

"तेंच्याबद्दल माका काय विचारतास? तेंका विचारा. पण ह्यो किडो तेंनी आणूक नाय. ह्यो मांडावरसून इलो." मग गुरुदासकडे वळून म्हणाले, "गुरुदास खोटा बोलूक नाय. अर्धा बोललो. तसल्या साइटींवरसून पण येता. पण सगळो तिथूनच येता असा नाय. तुझ्या दुकानात गावभरचे पेनड्राइव्ह येतत, तू एक टोप ठेव."

"गिऱ्हाईक हसेल, सर."

"माका हसतत. मी मेलंय?"

गुरुदास मालिनीबायला म्हणाला, "वहिनी, मी सांगेन त्यांना माझी चूक झाली म्हणून."

"तू नको," ती म्हणाली. "तू सांगितलंस तेवढं पुरे. मीच सांगते."

तिच्या मशीनीत पण सरांनी सगळं त्याच रीतीनं केलं. फोटो आले. नवरी हसताना, ती स्वतः हळद लावताना. तिनं एकच फोटो नीट बघितला, त्यात नवरा मागे उभा होता, हातात पाण्याची बाटली. मग ती आत येऊन माझ्या बाजूला बसली.

मग सरांनी खिशातला लाल पेनड्राइव्ह काढला. आधीच साफ केला होता, पण सगळ्या घरांचं झाल्यावरच तो मशीनीत घातला. रुक्माबाय बोलायला लागली. "हाड गो मेले," ती कोंबडीला म्हणाली, आणि संगीता रडायला लागली. एकेक गाणं लावून बघितलं. शेवटचं लागेना. नाव दिसत होतं, आत काही नव्हतं.

सर बराच वेळ मशीनीशी झटले. मग खुर्ची मागे सारली.

"ह्या लपलेला नाय. ह्या मोडला. कोणीतरी गाणा चालू आसताना पेनड्राइव्ह मध्येच ओढून काढलेलो आसतलो."

"कोणी?" संगीता म्हणाली. "कोणाच्या घरी?"

"नाव कळून गाणं येणार आहे?" मी म्हटलं.

ते व्हाळाचं गाणं होतं, ओहोळाचं. सून माहेरी जायला निघते आणि ओहोळ भरून वाट अडवतो.

व्हाळा रे व्हाळा, वाट दी माका,
आवय बसल्या दारात.

आई दारात बसली आहे, वाट दे. ओहोळ म्हणतो, मला काय देशील? तो तीनदा मागतो, ती तीनदा देते, मग वाट मिळते.

सर माझ्याकडे वळले. "बाय, तुका येता?"

"माझा आवाज मेला, सर."

"आवाज मागूक नाय मी. गाणा मागतंय."

त्यांनी माझ्यासमोर माइक ठेवला. दाराची कडी लावली, पंखा बंद केला. गुरुदासला म्हणाले, खोकलास तर खाली जा. मी म्हणायला लागले. चाल धरता येईना, म्हणून नुसते शब्द सांगितले, एकेक, आवाज तडकत होता तसाच. पहिल्यांदा ती अबोलीची वेणी देते. तिसऱ्यांदा पायातलं जोडवं देते. दुसऱ्यांदा काय देते ते मला आठवेना. परत म्हटलं. परत तिथंच अडकले. तिसऱ्या वेळीही तसंच झालं. मालिनीबायला येईना, संगीताला येईना.

सर म्हणाले, "आसा तितक्या ठेव. जागो मोकळो सोड. येतला कोण तरी भरूक."

त्यांनी मध्ये तेवढी शांतता तशीच ठेवली. मग त्या गाण्यांच्या नकला केल्या. एक लाल पेनड्राइव्हात, एक संगीताच्या मशीनीत, एक आपल्याकडे. एकाच ठिकाणी ठेवलेल्याला ते ठेवलेलं म्हणतच नसत.

त्या पौषात धालो झाले. ओहोळाच्या गाण्याला बायका पहिलं म्हणायच्या, मग गप्प राहून नुसतं पुढे-मागे वाकायच्या, मग तिसरं. अजून तसंच करतात. नव्या मुलींना वाटतं गाणं तसंच आहे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझे यजमान गेले. सर मातीला आले होते, दारात उभे राहिले. पुढे एका पावसात सर पण गेले, मोरजीला बहिणीकडे. बहिणीनं क्लासातल्या मशीनी विकल्या. मला विचारलं, तुला काय पाहिजे? मी टोप मागितला.

तो आता माझ्या दारात असतो. मी घरात मशीन घेतलेली नाही, पण मांडाचा पेनड्राइव्ह पौषात आमच्या वाड्यावर फिरायला निघतो तो इथून, आणि फिरून येतो तो आधी ह्यातच पडतो. संगीता सरांच्या रीतीनं तो तपासते. मालिनीबायचा नवरा त्यासाठी एक जुनी मशीन देऊन गेला.

हे जो वाचेल त्याला माझी एक विनंती आहे. तुमच्या आईला, आजीला, सासूला हे ओहोळाचं गाणं येत असेल तर विचारा, दुसऱ्यांदा ती सून ओहोळाला काय देते. आणि सुर्ल्याला येऊन मला सांगा. आवाज कसाही असू दे. तोंडानं सांगा, नाहीतर भरून आणा. भरून आणलं असेल तर आत येण्याआधी पेनड्राइव्ह टोपात घाला.